जुन्या गाडीचं वायरिंग नव्याने करताना स्ट्रिपर आणि क्रिंपर कसे निवडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जीप, बुलेट, फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडर घरी उभी करणारे लोक इंजिन आणि रंगकामावर मनापासून खर्च करतात. वायरिंगची पाळी आली की मात्र घरातली पक्कड शोधायला लागतात. नवी वायर, नवा फ्यूज बॉक्स, नवे रिले, आणि सगळे जोड पक्कडीने चेपलेले. अशा गाडीचे दिवे पहिल्या पावसाळ्यानंतर एकेक करून मंदावतात आणि दोष येतो बॅटरीवर. खालची उत्तरं १२ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ असलेली (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) जुनी जीप डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मोटरसायकल आणि मोटारीलाही ती जवळपास तशीच लागू पडतात.

आधी काय घ्यावं, स्ट्रिपर की क्रिंपर?

स्ट्रिपर वायरीची साल सोलतो, क्रिंपर वायरीच्या टोकावर टर्मिनल, म्हणजे जोडाचा धातूचा तुकडा, दाबून बसवतो. दोन्हीच्या आधी टर्मिनल घ्या. गाडीत कुठल्या जातीची टर्मिनल आणि कुठल्या जाडीच्या वायरी वापरणार हे कागदावर उतरवा, दोन्हीचे नमुने हातात घ्या आणि मगच टूल बघायला जा. क्रिंपरचा जबडा, म्हणजे डाय, टर्मिनलच्या आकाराला जुळावा लागतो. आधी टूल घेतलं तर पुढे त्यात बसतील तीच टर्मिनल शोधत फिरावं लागतं.

पैसे मोजके असतील तर ते क्रिंपरवर घाला. साध्या स्ट्रिपरने सावकाश, नीट काम करता येतं. वाईट क्रिंपरने कितीही सावकाश केलं तरी जोड वाईटच होतो.

पक्कडीने नीट दाबलं तर काय बिघडतं? आमच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं तसंच करतात.

चांगल्या क्रिंपमध्ये, म्हणजे असा दाबून केलेल्या जोडात, तांब्याच्या बारीक तारा आणि टर्मिनलचं पितळ इतक्या जोराने एकमेकांवर दाबले जातात की त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर फुटतो. गोल तारा चेपून बहुकोनी होतात, मधली पोकळी संपते आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. आत हवा शिरत नाही, ओल शिरत नाही, म्हणून तो जोड वर्षानुवर्षं तसाच राहतो. पक्कड टर्मिनल फक्त चपटं करते. तारा आत सैलच राहतात, कडेला फटी राहतात आणि त्या फटींतून गंज आत जातो. पहिल्या दिवशी दिवा लागतो, म्हणून जोड चांगला वाटतो.

यात नुकसान किती, ते हिशोबाने बघा. दोन्ही हेडलाइटचा डिपर ५५ वॅटचा धरला तर एकूण ११० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. हा सगळा प्रवाह एका जोडातून जात असेल आणि गंजून त्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला असेल, तर तिथेच ०.९ व्होल्ट खर्ची पडतात आणि ८ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या टर्मिनलमध्ये तयार होते. प्लास्टिकचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींत खोचून जोडायची डबी, पिवळा पडून वितळतो तो यामुळे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो, त्यामुळे ०.९ व्होल्ट गेले की उजेडाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. रात्री घाट उतरताना तो हिस्सा हवा असतो.

६ व्होल्टच्या गाड्यांचे मालक हे अजून मनावर घेतील तर बरं. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी ६ व्होल्टची होती. तितक्याच वॅटला तिथे दुप्पट अँपिअर लागतात आणि त्याच रोधात चौपट उष्णता होते.

टर्मिनल किती प्रकारची असतात आणि कुठल्याला कुठली डाय?

गाडीच्या कामात मुख्यतः चार जाती भेटतात.

पहिली जात प्लास्टिकची रंगीत टोपी असलेली, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारी. लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरीसाठी, निळं १.५ ते २.५ साठी, पिवळं ४ ते ६ साठी. यांची डाय लंबगोल खाचांची असते आणि खाचांवर बहुधा त्याच रंगांचे ठिपके असतात. ही टर्मिनल दाबायला सोपी आहेत, पण आतला जोड दिसत नाही आणि स्वस्त मालात प्लास्टिकच्या आतली नळी पातळ व सैल असते.

दुसरी जात उघड्या पाकळ्यांची, म्हणजे ओपन बॅरल. कारखान्यातून आलेल्या गाडीचा कुठलाही कपलर उघडा, आत हीच पिन सापडेल. तिला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला. हिच्या डायच्या वरच्या भागात शेजारी शेजारी दोन कमानी असतात. त्या पाकळ्यांना आत वळवून त्यांची टोकं तारांच्या गठ्ठ्यात खोचतात. बरोबर झालेला क्रिंप समोरून पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. लाल-निळ्या टर्मिनलच्या लंबगोल डायमध्ये ही पिन कधीही दाबू नका. पाकळ्या एकमेकींवर चढतात किंवा उघड्याच राहतात.

तिसरी जात म्हणजे टोपी नसलेली, बंद नळीची तांब्याची थिंबल, कथलाचा मुलामा दिलेली. अर्थच्या जोडांना आणि स्टार्टरच्या सोलेनॉइडला हीच लागते. लहान मापांना खळगा पाडणारी डाय चालते, मोठ्या मापांना षटकोनी.

चौथी, डॉइच डीटीसारख्या जलरोधक कपलरची भरीव पिन. तिला चार बाजूंनी ठसा मारणारं वेगळंच टूल लागतं. त्याच कपलरला पत्र्याच्या, ओपन बॅरल जातीच्या पिनाही मिळतात. त्या घेतल्या तर वेगळ्या टूलचा खर्च वाचतो, फक्त डाय त्या पिनेच्या मापाची बघून घ्यावी लागते.

माझं स्पष्ट मत: जुन्या जीपसाठी ६.३ मिलिमीटर पात्याची ओपन बॅरल टर्मिनल, त्यावर वेगळी स्लीव्ह, आणि त्यासाठी एक चांगलं रॅचेट क्रिंपर. रिले आणि बहुतेक फ्यूज बॉक्सना हेच माप बसतं, जोड डोळ्यांनी तपासता येतो आणि कपलरमधली पिन खराब झाली तर नवी घालता येते.

रॅचेट हवंच का?

हवंच. रॅचेटचं टूल दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे पहिलं टर्मिनल आणि संध्याकाळी थकल्या हाताने दाबलेलं शेवटचं टर्मिनल सारखंच दाबलं जातं. जीपमध्ये असे शे-दीडशे जोड सहज होतात. अर्ध्यात अडकलंच तर सोडवायला आत एक छोटा खटका असतो. तो कुठे आहे ते काम सुरू करण्याआधी बघून ठेवा.

पत्र्याचं ते एकात सगळं असलेलं टूल, ज्यात स्ट्रिपर, कटर आणि क्रिंपर तिन्ही असतात, ते चालेल का?

टूलकिटमध्ये पडून राहायला ठीक. रस्त्यात अडलात तर गाडी घरी आणेल. पूर्ण वायरिंग त्याने करू नका. त्याचे जबडे दाबताना वाकडे होतात आणि दाब सगळा तुमच्या मनगटावर अवलंबून राहतो.

मग क्रिंपर बघताना नेमकं काय बघायचं?

डाय बदलता येते का, हे पहिलं. बदलता येणारं एक टूल आणि तीन डाय (लंबगोल, ओपन बॅरल, बंद नळी) एवढ्यात गाडीचं जवळजवळ सगळं काम होतं. टूल रिकामं बंद करून उजेडासमोर धरा. वरची आणि खालची डाय एका रेषेत मिटली पाहिजे, एक बाजू पुढे-मागे नको. हँडल धरून जबडा आडवा हलवून बघा, खडखडत असेल तर परत ठेवा. दाब कमी-जास्त करण्याची दातेरी चकती असेल तर उत्तम, कारण टर्मिनलचा पत्रा कंपनीगणिक थोडा जाड-पातळ येतो.

डायवर छापलेली मापं वाचा. एसएन-२८बी नावाने विकलं जाणारं टूल स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण ते इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक पिनांसाठी आहे. ६.३ चं टर्मिनल त्यात कोंबू नका. तसंच फेरूलचं क्रिंपर हे स्क्रूच्या पट्टीत घालायच्या नळ्यांसाठी असतं, टर्मिनलशी त्याचा संबंध नाही. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणाला तरी डाय स्वतः बघा, आणि खिशात नेलेल्या नमुन्यावर तिथेच एक क्रिंप मारून मागा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

स्ट्रिपर कुठला घ्यावा?

तीन प्रकार बाजारात दिसतात.

'व्ही' खाचेचा, स्क्रूने माप लावायचा पक्कडवजा स्ट्रिपर सगळ्यात स्वस्त. टपारियासारख्या कंपन्यांचा तो घरोघर असतो. घरच्या वायरिंगला छान. गाडीत मात्र दर थोड्या वेळाने वायरीची जाडी बदलते, दर वेळी स्क्रू फिरवावा लागतो आणि घाईत तारा कापल्या जातात.

ठरावीक मापांच्या गोल भोकांचा स्ट्रिपर हा माझ्या मते हातात सगळ्यात जास्त वेळ राहावा असा. वायर योग्य भोकात ठेवली की पात्याची धार तांब्यापर्यंत पोचतच नाही. डॅशबोर्डखाली आडवं पडून काम करताना टोकाने सोलणारा, लांब नाकाचा असेल तर फार सोय होते, कारण तिथे जुन्या हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून, बाहेर आलेली वायर जेमतेम चार बोटं असते.

तिसरा आपोआप जुळवून घेणारा. एका जबड्याने वायर धरतो, दुसऱ्याने साल ओढतो. टेबलावर बसून एका मागून एक वायरी सोलायच्या असतील तर याच्यासारखा वेग नाही. मात्र गाडीची नवी वायर पातळ सालीची असते आणि तिच्यावर हा कधी घसरतो, कधी पकडीचे दात सालीत रुततात. ताण कमी-जास्त करायचं बटण असलेलाच घ्या आणि तुकड्यावर जुळवून मगच खऱ्या वायरीला लावा.

कुठलाही घ्या, परीक्षा एकच. वायरीचा उरलेला तुकडा चार-पाच वेळा सोला आणि निघालेलं टरफल पांढऱ्या कागदावर झटका. तांब्याचे बारीक तुकडे पडले तर स्ट्रिपर तारा कापतोय. एक चौरस मिलिमीटरच्या एफएलआरवाय-बी (गाडीसाठीच्या पातळ सालीच्या) वायरीत ३२ बारीक तारा असतात. त्यातल्या चार कापल्या तर प्रवाहाला लगेच फार फरक पडत नाही, पण बाकीच्यांवरही ओरखडा उठलेला असतो आणि इंजिनाच्या थरथरीने त्या तिथूनच एकेक करून तुटत जातात. दाताने किंवा ब्लेडने सोलण्याला माझा विरोध याच कारणासाठी.

टूलवर एडब्ल्यूजी लिहिलंय आणि वायर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते. मेळ कसा घालायचा?

एडब्ल्यूजी म्हणजे वायरीच्या जाडीचं अमेरिकन माप. त्यात आकडा वाढला की वायर बारीक होते. १८ म्हणजे सुमारे ०.८ चौरस मिलिमीटर, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३ आणि १० म्हणजे ५.३. आपली एकची वायर १८ आणि १६ च्या मध्ये पडते, दीडची १६ च्या थोडी वर. सोलताना मोठ्या भोकापासून सुरुवात करा. साल निघाली नाही तर एक भोक खाली या. काही स्ट्रिपरवर एकाच भोकाला दोन आकडे असतात, एक भरीव तारेसाठी आणि एक बहुतारी वायरीसाठी. गाडीत नेहमी बहुतारीचा आकडा धरायचा.

घरातल्या वायरिंगची उरलेली वायर वापरली तर?

नको. घरच्या साध्या पीव्हीसी वायरीची साल ७० अंश सेल्सिअसला टिकेल अशी असते, गाडीच्या एफएलआरवाय वायरीची १०५ अंशांना. इंजिनाशेजारी हा फरक मोठा आहे. शिवाय घरची साल जाड असल्याने टर्मिनलच्या मागच्या पाकळ्या तिला पुऱ्या कवेत घेत नाहीत आणि कपलरच्या मागे पिन अडते.

क्रिंप नीट झालाय हे कसं ओळखायचं?

इथे घाई करू नका. पहिले दहा क्रिंप मारा, कपलरमध्ये घालू नका, भिंग घेऊन बसा.

पुढून सुरुवात करा. तांब्याच्या पाकळ्यांच्या पुढे तारांची टोकं जेमतेम दिसली पाहिजेत, अर्धा ते एक मिलिमीटर. दिसतच नसतील तर वायर कमी सोललीये. लांब बाहेर आली असतील तर ती समोरच्या पात्याच्या आड येतील. मग दोन पाकळी-जोड्यांच्या मधल्या फटीत बघा. तिथे थोडं तांबं आणि थोडी साल, दोन्ही दिसायला हवं. नुसती साल दिसली तर ती तांब्याच्या पाकळ्यांखाली शिरलेली असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर तो जोड वरून कितीही देखणा असला तरी आत प्लास्टिक दाबलंय. तांब्याच्या पाकळ्यांच्या मागच्या कडेला कर्ण्यासारखा किंचित फुगवटा हवा. तो नसेल तर टर्मिनलची धार तारांना कापत राहते. मागच्या पाकळ्यांनी सालीला घट्ट धरायचं आहे, भोसकायचं नाही. वायर हळूच वर-खाली वाकवा, तांब्याच्या बाजूला हालचाल जाणवता कामा नये.

आता ओढून बघा. अमेरिकन यूएल ४८६ए मानकात १८ एडब्ल्यूजीच्या जोडाने सुमारे ९ किलो, १६ च्या जोडाने साडेतेरा आणि १४ च्या जोडाने साडेबावीस किलो ओढ सहन करावी असं धरलंय. घरी प्रयोग सोपा आहे. एकच्या वायरीच्या तुकड्याला टर्मिनल मारा, टर्मिनल शिकंज्यात धरा आणि वायरीला १० लिटर पाण्याची बादली टांगा. बादली मिनिटभर लटकून राहिली तर टूल आणि टर्मिनलची जोडी जमली. वायर निसटली तर दाब वाढवा किंवा खालच्या मापाची खाच घ्या. टर्मिनलच्या कडेशी तारा तुटल्या तर दाब जास्त होतोय. प्रत्येक नव्या डाय-टर्मिनल जोडीला हा प्रयोग एकदा करावा, मग डोळे झाकून विश्वास ठेवता येतो.

क्रिंपवर सोल्डरिंगचा डाग दिला तर अजून पक्कं होईल ना?

चांगल्या क्रिंपला त्याची गरज नाही आणि गाडीत त्याचा तोटाच जास्त. वितळलेलं सोल्डर तारांमधून वर चढतं, सालीच्या आत शिरतं आणि तेवढी वायर काडीसारखी ताठ होते. जिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो, तिथे थरथरीने वायर तुटते. वायरीचं टोक आधी सोल्डरमध्ये बुडवून मग क्रिंप करणं तर त्याहून वाईट. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकत राहतं आणि काही महिन्यांत जोड सैल होतो.

एका टर्मिनलमध्ये दोन वायरी घालता येतात का?

दोघींची जाडी मिळून जी बेरीज होते त्या मापाचं टर्मिनल आणि डायची खाच घेतली तर येतात. पाऊणच्या दोन असतील तर दीडचं टर्मिनल. मागच्या पाकळ्यांनी दोन्ही साली धरल्या पाहिजेत. तीन वायरी कोंबू नका, वेगळा जोड काढा.

रबरी सील असलेल्या जलरोधक कपलरला काही वेगळं लागतं का?

हो. त्यात मागच्या पाकळ्या सालीऐवजी रबरी सीलवर बसतात. नेहमीची डाय सील चिरते. तिथे सीलला गोल कवेत घेणारी खाच हवी, आणि सील क्रिंप करण्याआधी वायरीत ओवायचं असतं. पावसात उघडी राहणारी गाडी असेल तर हेडलाइट, इंडिकेटर आणि मागच्या दिव्यांना असे कपलर लावा. डॅशबोर्डखाली त्यांची गरज नाही.

आम्ही कोकणात राहतो. खाऱ्या हवेत काय जास्त करावं?

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतो तोच कळंक किनाऱ्यालगत वायरीतही चढतो, आणि सालीच्या आत हातभर लांब जातो. म्हणून जुनी वायर जोडाला घेताना सोलून तांब्याचा रंग बघा. काळं किंवा हिरवट असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे जा. लागलंच नाही तर ती वायर बदला, कारण काळवंडलेल्या तारांवर कुठलंही टूल चांगला जोड बसवू शकत नाही. नवी वायर आणि टर्मिनल दोन्ही कथलाचा मुलामा दिलेली मिळाली तर तीच घ्या. उघड्या जोडांवर आतून डिंक असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून डिंकाचं बारीक कडं बाहेर आलं की आत पाणी जात नाही. माचिसच्या काडीने ती करपते, हॉट एअर गन वापरा.

बॅटरीच्या जाड केबलसाठी मोठं क्रिंपर घ्यावं लागेल का?

एका गाडीसाठी घेऊ नका. स्टार्टर मोटर सुरू होताना शेकडो अँपिअर ओढते. पेट्रोल जीपला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते, डिझेलला त्याहून जाड. त्यांची थिंबल षटकोनी डायच्या हायड्रॉलिक टूलनेच नीट बसते. हातोडीने ठोकायचे ठोकळे मिळतात, ते मी सुचवत नाही. त्यापेक्षा केबलच्या लांब्या मोजून, जवळच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे हे टूल रोजच्या वापरात असतं, पाच मिनिटांचं काम आहे. लांबी मोजताना इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं हे लक्षात घेऊन थोडी ढील ठेवा, आणि इंजिन ते चॅसीचा अर्थ पट्टाही त्याच फेरीत करून घ्या. तो बहुतेक जण विसरतात.

ही टूल्स कुठे बघावीत?

मुंबईत हातहत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर आणि टर्मिनलसाठी लोहार चाळ, बारीक कपलर आणि पिनांसाठी लॅमिंग्टन रोड. पुण्यात तपकीर गल्ली. थिंबलमध्ये डॉवेल्स हे नाव ओळखीचं आहे. क्रिंपरमध्ये जेनसनसारखं देशी टूल चांगलं काम देतं. निपेक्स वगैरे जर्मन टूल सुरेख असतं, पण एका गाडीपुरतं घ्यायची सक्ती नाही. ऑनलाइन घेणार असाल तर टूलच्या फोटोपेक्षा डायच्या फोटोकडे बघा. खाचांची मापं दिलेली नसतील तर ते टूल सोडून द्या.

काम सुरू करताना पहिली गोष्ट कोणती?

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आणि सगळं संपल्यावर ती सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर जिवंत बॅटरीचा शॉर्ट तुमच्या हातात होतो. जोडताना पहिल्यांदा निगेटिव्ह केबल आणि टर्मिनलच्या मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब धरा, सगळे स्विच बंद ठेवून. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. विझलेला राहिला तर केबल आवळा आणि एकेक स्विच चालू करत जा.